माळा रिकामा करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतील ६१ वर्षांचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि मुलगा व सून बंगळुरूला स्थायिक झाले आहेत. ६२० चौरस फूट चटईक्षेत्राच्या दोन बेडरूमच्या सदनिकेत आता दोघेच राहतात, तरीही घर भरलेले आहे. यापुढे साधेपणाने राहायचे असे ठरवून त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत अर्धे सामान काढून टाकण्याचा बेत केला, तेव्हा पत्नींनी पितळेची भांडी पलंगाखाली हलवली आणि घरात चार दिवस अबोला राहिला. काढायच्या आणि बदलायच्या १४ गोष्टींची यादी त्यांनी सोबत जोडली आहे. सुरुवात कोठून करावी, पत्नींची समजूत कशी घालावी आणि हे घर विकून एक बेडरूमचे लहान घर घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर:

आपल्या तीन प्रश्नांपैकी मधला प्रश्न मी प्रथम हाती घेते, कारण तो माझ्या मते मुळातच चुकीचा मांडला गेला आहे. आपण पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. तिच्यातील १४ पैकी ११ गोष्टी स्वयंपाकघरातील आहेत, दोन देवघरातील आहेत, एक मुलाच्या खोलीतील आहे आणि आपल्या स्वतःच्या कपाटातील एकही नाही. आपल्या पत्नींनी भांडी पलंगाखाली नेली याचे मला नवल वाटत नाही; ज्या यादीत आपलेच सारे जाणार आणि दुसऱ्याचे काहीच जाणार नाही, ती यादी कोणीही मान्य केली नसती. तेव्हा समजूत घालण्याचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. सुरुवात आपल्या कपाटापासून आणि घराच्या दारापासून करावी, स्वयंपाकघरात आपण होऊन हात घालू नये आणि एका दिवाळीत सारे उरकण्याचा विचार सोडून द्यावा. पुढचे सर्व विवेचन मी असे का म्हणते याचे आहे.

मी गेली २७ वर्षे ठाणे, डोंबिवली, कल्याण आणि पुणे येथील लहान व मध्यम घरांची अंतर्गत रचना करते. त्यांपैकी पहिली दहा-बारा वर्षे मी प्रामुख्याने साठवणीची जागा निर्माण करण्यात घालवली, हे कबूल करायला हवे. दारावरचा माळा, पलंगाखालची पेटी, सोफ्याच्या बैठकीखालचा कप्पा, ओट्याखालच्या ट्रॉल्या, भिंतीच्या जाडीत बसवलेले कोनाडे, असे जेथे जेथे सहा इंच मोकळे दिसत तेथे तेथे मी प्लायवुड बसवले, आणि गिऱ्हाईक खूश होत असे. मात्र त्याच घरांत आठ-दहा वर्षांनी नूतनीकरणासाठी पुन्हा बोलावणे आले की सुतार पेट्या उघडत आणि आतून निघालेल्या वस्तू पाहताना घरातील माणसे आश्चर्यचकित होत. न उघडलेले लेमन सेट, लग्नात आलेली आठ ब्लँकेटे, बॅगेत बॅग आणि तिच्यातही बॅग, वॉरंटीसाठी जपलेले आणि वॉरंटी संपून सहा वर्षे झालेले टीव्हीचे थर्माकोल, शिवणयंत्राचे पायडल (यंत्र केव्हाच गेलेले), मुलाची पाचवीची वह्यापुस्तके. एका दुहेरी पलंगाच्या पेटीत साधारण ३५ घनफूट जागा मिळते. ती जागा मी दिली नसती तर त्या वस्तू पाच-सात वर्षांपूर्वीच कोणाच्या तरी उपयोगी पडल्या असत्या, असे मला तेव्हा प्रथम वाटले. साठवणीची जागा सामानाचा प्रश्न सोडवत नाही, ती तो डोळ्यांआड करते आणि डोळ्यांआड असलेल्या सामानात भर पडत राहते.

या जागेची किंमतही एकदा कागदावर मांडून पाहावी. सात फूट रुंद आणि दोन फूट खोल कपाट जमिनीवरची १४ चौरस फूट जागा घेते. आपल्या भागात चटईक्षेत्राचा दर समजा चौरस फुटाला १२,००० रुपये धरला, तर ते कपाट १ लाख ६८ हजार रुपयांच्या जमिनीवर उभे आहे, आणि त्यात लाकूडकामाचा खर्च धरलेला नाही. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा हिशेब मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या कपाटात रोज वापरले जाणारे कपडे असतील तर ती किंमत वसूल होते. न वापरलेले सफारी सूट आणि बँकेच्या निरोप समारंभातील शाली-श्रीफळाच्या पिशव्या असतील तर होत नाही.

तरीही एकदम सारे काढून टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. एकाच रविवारी टेम्पो बोलावून घर रिकामे केलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेक घरे दोन-तीन वर्षांत पुन्हा भरलेली पाहिली आहेत. त्याचे कारण उघड आहे. त्यांनी साचलेले पाणी उपसले, पण नळ चालूच ठेवला. वस्तू ज्या वाटांनी घरात येतात त्या वाटा तशाच राहिल्या तर रिकामा कप्पा हे नव्या खरेदीचे आमंत्रणच ठरते. म्हणून पहिले दोन-तीन महिने काहीही बाहेर काढू नये, फक्त काय आत येते ते एका वहीत टिपावे. तारीख, वस्तू आणि ती कोणत्या निमित्ताने आली, एवढे तीन रकाने पुरेसे आहेत.

अशा वह्या अनेक घरांनी मला दाखवल्या आहेत आणि त्यांत ठरावीक वाटा पुन्हा पुन्हा दिसतात. 'एकावर एक मोफत' ही एक, घरबसल्या मोबाइलवरून केलेली खरेदी ही दुसरी. यांवर फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती वाट दिसली की माणूस आपण होऊन थोडा सावध होतो. तिसरी वाट आपल्या समाजाची खास आहे आणि तिच्याविषयी बोलायला संकोच वाटतो, ती म्हणजे आहेर आणि हळदीकुंकवाचे वाण. संक्रांतीच्या सुमारास महिनाभरात एकेका घरात १५-२० प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमच्यांचे स्टँड आणि लहान वाट्या येतात, आणि त्यांतील निम्म्या पुढच्या वर्षी कोणाला तरी देण्यासाठी माळ्यावर चढतात. वास्तविक संक्रांतीच्या सुगडातील मूळचे वाण पाहिले तर त्यात ऊस, बोरे, हरभरे, गाजर, तीळ असा हंगामातील, आठवड्यात संपून जाणारा माल असतो. म्हणजे खाऊन संपेल असे द्यावे, ही रीत आपल्याकडे होतीच. माझ्या परिचयातील एका सोसायटीतील बायकांनी चार वर्षांपूर्वी ठरवून वाण म्हणून गूळ, शेंगदाणे, साबण किंवा कोथिंबिरीची जुडी देण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्षी कुजबुज झाली, दुसऱ्या वर्षी ती थांबली. हा बदल मात्र आपल्याला नव्हे, आपल्या पत्नींना करता येण्यासारखा आहे आणि तो त्यांनी करायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचे आहे. आपल्या हातात असलेली वाट म्हणजे बँकेच्या आणि कंपन्यांच्या डायऱ्या, कॅलेंडरे, भेटीदाखल मिळणारी पेने व घड्याळे. ती घेतानाच 'नको, धन्यवाद' म्हणण्याची सवय आपण या जानेवारीपासून लावून घेऊ शकता.

चौथी वाट बेगमीची आहे. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद होत असे तेव्हा वर्षाचे धान्य, वाळवण, लोणची आणि सरपण भरून ठेवणे हे शहाणपण होते. आज आपल्या इमारतीखाली किराण्याचे दुकान रात्री दहापर्यंत उघडे असताना दोन माणसांसाठी गव्हाच्या कोठ्या भरणे केवळ सवयीने चालू आहे. हिशेब सोपा आहे. दोघांना मिळून दिवसाला दहा पोळ्या लागत असतील, तर एक किलो कणकेत ३० ते ३५ पोळ्या होतात या मानाने महिन्याला नऊ-दहा किलो गहू पुरतो. दहा किलोचा एक डबा ओट्याखाली मावतो; क्विंटलभर गव्हाला कोठी लागते, कोठीला जागा लागते, आणि त्यातील कीड टाळण्यासाठी कडुनिंबाचा पाला, ऊन आणि चाळण लागते. अर्थात गावाकडील भावाच्या शेतातून गहू येत असेल तर तो अवश्य घ्यावा. तेथे प्रश्न साठवणीचा नसतो, नात्याचा असतो, आणि अशी कोठी मी कधीही काढायला सांगितलेली नाही.

आता पितळेच्या भांड्यांविषयी. आपण ती 'वापरात नसलेली जड भांडी' अशा एका ओळीत यादीत घातली आहेत. त्यांतील एखादे उलटे करून पाहा. कडेला किंवा तळाशी ठिपक्यांनी कोरलेले नाव, बहुधा तारीख आणि कोणाकडून कोणाला हे लिहिलेले आढळेल. एखाद्या तपेल्यावर आपल्या सासऱ्यांचे नाव असेल, एखाद्या परातीवर बारशाची तारीख असेल. ज्या काळात बायकांच्या नावावर घर नव्हते, बहुधा बँकखातेही नव्हते, त्या काळात ही भांडी हाच त्यांच्या हक्काचा लेखी पुरावा होता. ती वजनावर मोडीत घालताना दुकानदार घट वजा करतो, हातात जी रक्कम येते ती बहुधा अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते आणि त्या रकमेची आठवण घरात पुढे कित्येक वर्षे निघते. मी स्वतः कारकिर्दीच्या सुरुवातीला एका घरातील घंगाळ, बंब आणि दोन कळशा ओट्याच्या नव्या रचनेत बसत नाहीत म्हणून मोडीत द्यायला लावल्या होत्या. त्या घरातील आजींनी मला त्यानंतर चहा दिला, पण माझ्याशी बोलणे टाळले. तो सल्ला मी आज देणार नाही.

त्याऐवजी त्या भांड्यांपैकी चार-पाच वापरात आणता येतात. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घेतली की त्यात भाजी-आमटी शिजवता येते. कल्हई म्हणजे तापलेल्या भांड्याला आतून नवसागराने साफ करून दिलेला कथिलाचा पातळ थर, आणि तो नसेल तर चिंच, कोकम, ताक यांसारखे आंबट पदार्थ पितळेत करू नयेत. कल्हईवाले आता दारावर येत नाहीत, पण जुन्या बाजारपेठांतील भांड्यांच्या दुकानांत चौकशी केल्यास काम करून मिळते. जी चार-पाच भांडी वापरात येतील तेवढीच स्टीलची व नॉनस्टिकची भांडी आपोआप मागे पडतील, आणि काय काढायचे याची चर्चा कोणीही न करता होईल. उरलेली भांडी कोणत्या भाचीला, कोणत्या पुतणीला आणि केव्हा द्यायची हे आपल्या पत्नींनी ठरवावे. देताना प्रत्येक भांड्याची हकिगत सांगितली गेली तर ते घेणाऱ्याच्या घरातही जपले जाते.

यादीतील उरलेल्या काही ओळींविषयी मला अधिक परखडपणे लिहावे लागेल. मिक्सरऐवजी पाटा-वरवंटा, कागदी रुमालांऐवजी कापडी, तयार पिठाऐवजी गिरणीवरून दळून आणलेले पीठ, पिशवीच्या दुधाऐवजी गवळ्याचे दूध, प्लास्टिकच्या डब्यांऐवजी काचेच्या बरण्या. यांतील प्रत्येक बदल स्वतंत्रपणे चांगला आहे. पण वाटण कोण वाटणार, रुमाल कोण धुणार, दळण घेऊन गिरणीत कोण जाणार, पहाटे दूध घ्यायला आणि ते उतू न जाऊ देता तापवायला कोण उठणार, हे यादीत लिहिलेले नाही. साधेपणाचा निर्णय एकाने घ्यावा आणि त्याचे कष्ट दुसऱ्याने उपसावेत, असे ज्या घरांत झाले तेथे तो सहा महिनेही टिकलेला मी पाहिलेला नाही. आपल्या पत्नींनी ३०-३५ वर्षे शाळा आणि स्वयंपाकघर एकाच वेळी सांभाळले असणार. त्यांच्या दृष्टीने मिक्सर ही चैन नसून मिळालेली सुटका आहे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला मी विद्यार्थीदशेत आणि नंतर व्यवसायात असताना अशा दोन वेळा गेले. माती, बांबू आणि कौले यांतून उभी राहिलेली बापूकुटी, तिच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी मातीत उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा हे सारे पाहून पहिल्या वेळी मी घराच्या रचनेचीच टिपणे काढली होती. दुसऱ्या वेळी मात्र माझे लक्ष दुसरीकडे गेले. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले, त्या आश्रमात दळणे, सूत कातणे, भाजी चिरणे आणि संडास साफ करणे ही कामे वाटून घेतलेली असत, आणि आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रहाच्या जोडीला शरीरश्रमाचे व्रत आहे. शरीरश्रमावाचून नुसता असंग्रह पाळता येत नाही, हे माझ्यासारख्या घरे सजवणाऱ्या बाईला तेथे उमगले. आपल्याला पाटा-वरवंटा हवा असेल तर तो जरूर आणावा आणि पहिले तीन महिने चटणी आपण स्वतः वाटावी.

या विनोदाचा राग येऊ नये, कारण याच दिशेने आपल्यासाठी खरोखर उपयोगी काम आहे. आपल्या घरातील यंत्रे, त्यांची देखभाल, बिले, कागदपत्रे आणि दुरुस्त्या हे बहुधा आपले क्षेत्र आहे आणि तेथे लहान बदलांना भरपूर वाव आहे. महिनाभर आपण किती कारागिरांना फोन केले ते लिहून पाहा. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा वार्षिक करार, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणे, वातानुकूलन यंत्राची जाळी, चिमणीची स्वच्छता, गीझर, दोन टीव्ही, व्यायामाची सायकल. प्रत्येक वस्तू विकत घेताना एकदा पैसे घेते आणि नंतर दरमहा थोडा वेळ मागते, आणि निवृत्तीनंतर ज्याचा तुटवडा नसेल असे वाटत होते तो वेळ येथे मुरतो.

पाण्याच्या यंत्राचेच उदाहरण घेऊ. बहुतेक घरांत आरओ यंत्र शेजाऱ्याने बसवले म्हणून बसवलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्षार बहुधा याहून बरेच कमी असतात, आणि तसे असेल तर क्षार काढणारे आरओ तंत्र तेथे अनावश्यक ठरते. अनेक घरगुती यंत्रांत एक लिटर पाणी शुद्ध होताना दोन ते तीन लिटर पाणी मोरीत जाते ते वेगळेच. काही शे रुपयांना मिळणाऱ्या, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आपल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मोजावे. मात्र हा मीटर जंतू दाखवत नाही, म्हणून आकडा कमी आला तरी गाळणे आणि उकळणे किंवा अतिनील किरणांचे साधे यंत्र ठेवणे हे आलेच. कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी मिसळले जात असेल तर माझा हा सल्ला लागू नाही.

पंख्यांचेही तसेच. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो आणि नव्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा साधारण ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. चारही पंखे एकदम बदलू नयेत. जो सर्वांत जास्त चालतो तो प्रथम बदलावा आणि बाकीचे बिघडतील तेव्हा. चालू स्थितीतील चांगली वस्तू 'पर्यावरणपूरक' वस्तूसाठी फेकून देणे ही साधेपणाच्या नावाखाली होणारी खरेदीच आहे. यात काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश आणि लाकडी पोळपाटांचे संच हे सारे येते. आपल्या घरातील प्लास्टिकच्या डब्यांत गरम किंवा तेलकट पदार्थ ठेवणे थांबवावे, त्यांत कोरडे धान्य ठेवावे आणि ते फुटेपर्यंत वापरावेत.

लहान बदल अंगवळणी पडतो की नाही हे बऱ्याच अंशी तो कोठे ठेवला आहे यावर अवलंबून असते, निश्चयावर कमी. हे मी माझ्या व्यवसायातून शिकले. उभ्या माणसाचे गुडघे ते खांदे या पट्ट्यात ठेवलेल्या वस्तू वापरल्या जातात, त्याखालच्या कधी कधी आणि वरच्या जवळजवळ नाहीत. कापडी पिशवी कपाटात घडी करून ठेवली तर ती बाजारात जात नाही. सेफ्टी डोअरच्या कडीजवळ खांद्याच्या उंचीवर खिळा ठोकून तिला टांगले आणि पायताणे घालताना ती समोर आली तर जाते. अंघोळीच्या पाण्याची बचत करायची असेल तर सूचना लिहून चिकटवण्यापेक्षा २० लिटरच्या बादलीऐवजी १५ लिटरची आणावी. चालायला जायचे असेल तर बूट शूरॅकमध्ये न ठेवता दाराशी ठेवावेत. एका वेळी एकच बदल करावा, तो आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला चिकटवावा आणि तो विसरायचे विसरून जाईपर्यंत दुसरा हाती घेऊ नये. मला यासाठी साधारण दीड-दोन महिने लागतात. आपल्याला कमी लागतील किंवा जास्त.

याच उंचीच्या गोष्टीतून माळ्याचा प्रश्नही सुटतो आणि येथे मी घाई करायला सांगेन. साठीनंतर स्टुलावर चढून वरची वस्तू काढणे बंद झाले पाहिजे; खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय हे आपल्या इमारतीतही कोणी ना कोणी अनुभवले असेल. जमिनीवर उभे राहून जेथे हात पोहोचत नाही तेथे काहीही ठेवायचे नाही, हा नियम दोघांनाही सारखा लागू होतो, त्यात कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही आणि म्हणून तो भांडणाशिवाय मान्य होतो. माळ्यावरचे सामान एखाद्या मजुराला बोलावून दर रविवारी एक खोके या गतीने खाली उतरवून घ्यावे आणि ते दोघांनी मिळून पाहावे. खोके उघडल्यावर त्या दिवशीच त्याचा निकाल लावण्याची सक्ती करू नये.

देवघराच्या दोन ओळी. जादा मूर्ती, भंगलेल्या तसबिरी, जीर्ण पोथ्या यांचे काय करावे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मराठी घरात अडतो आणि बरीच कुटुंबे रात्रीच्या वेळी त्या पिंपळाच्या पारावर किंवा खाडीकाठी ठेवून येतात. धातूच्या मूर्ती ओळखीच्या देवळात आधी विचारून देता येतात. तसबिरीची काच, चौकट आणि कागद वेगळे करावेत. कागद पाण्यात भिजवून तुळशीच्या किंवा मोठ्या कुंडीच्या मातीत पुरावा. यात अनादर होत नाही, आणि शंका असेल तर घरच्या गुरुजींना विचारावे. मुदत संपलेली औषधे कोणालाही देऊ नयेत. पुस्तके देण्यापूर्वी ग्रंथालयाला यादी दाखवावी, कारण त्यांनाही माळे असतात. जुने मोबाइल आणि संगणक भंगारवाल्याऐवजी अधिकृत ई-कचरा संकलनात, त्यातील माहिती पुसून द्यावेत.

मुलाच्या खोलीविषयी आपण एकच ओळ लिहिली आहे, पण माझ्या मते घरातील सर्वांत मोठा साठा तोच असावा. परगावी गेलेल्या मुलांसाठी आई-वडिलांचे घर हे विनाभाड्याचे गोदाम होते. त्याला पुढच्या भेटीची तारीख विचारावी, त्याच्या सर्व वस्तू एका कपाटात मावतील तेवढ्याच राहतील असे आधी सांगावे आणि त्याने स्वतः बसून निवड करावी. आपण निवड करू नये. त्याची क्रिकेटची बॅट फेकली की जपून ठेवली, यांतील कोणत्याही गोष्टीबद्दल आपल्याला दोषच मिळेल.

काय काढू नये हेही सांगते. चार पाहुण्यांची अंथरुणे-पांघरुणे ठेवावीत. ती नसली की पाहुणे येत नाहीत, आणि दोघांच्या घरात पाहुणे येणे थांबले तर झालेली मोकळी जागा खायला उठते. उलट वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू प्रत्येक घरात असण्याचे कारण नाही. चाळीत एक पुरणयंत्र आणि एक सोऱ्या साऱ्या गॅलरीत फिरत असे आणि मोठे पातेले कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असे. सदनिकांत आलो तेव्हा दारे बंद झाली आणि प्रत्येकाने आपापले पुरणयंत्र घेतले. आपल्या मजल्यावरील चार घरांत मिळून एक शिडी, एक ड्रिल यंत्र आणि एक मोठा कुकर पुरेल का, हे विचारण्यासारखे आहे, आणि निवृत्त बँक अधिकाऱ्याइतका या नोंदी नीट ठेवणारा माणूस त्या मजल्यावर दुसरा नसेल.

राहिला घर विकण्याचा प्रश्न. इतक्यात विकू नये. लहान घर घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, हलवाहलव आणि नवे लाकूडकाम यांत फरकाच्या रकमेचा मोठा भाग जातो, शिवाय ३० वर्षांचा शेजार जातो, ज्याची किंमत कोणत्याही करारनाम्यात लिहिलेली नसते. त्याआधी एक प्रयोग करावा. मुलाची खोली येत्या १ तारखेपासून तीन महिने कुलूप लावून बंद ठेवावी, किल्ली आपल्या पत्नींकडे द्यावी आणि दारावर एक कागद चिकटवावा. ज्याला कुलूप उघडावे लागेल त्याने तारीख आणि आतून काय आणले ते त्यावर लिहावे. तीन महिन्यांनी तो कागद मला पाठवा. त्यावर पाच-सहा ओळीच असतील तर लहान घराचा आराखडा आपण तिघे मिळून काढू, आणि कागद दोन्ही बाजूंनी भरला असेल तर त्या खोलीत कोणती दोन कपाटे ठेवायची एवढेच ठरवायचे राहील.